बंदुकीचा बंदोबस्त

मी आयुष्यभर ऑडिट केलं. समोरच्या माणसानं काहीतरी लपवलंय असं धरून चालायचं आणि त्याच्याच ऑफिसातला चहा प्यायचा, ही माझी नोकरी. निवृत्त झालो तेव्हा चहा बंद झाला, संशय मात्र पेन्शनीसारखा चालू राहिला. घरात त्याला फारसं काम नव्हतं. बायकोनं आणलेला किराणा दोनदा तपासून पाहिला, तिसऱ्या वेळी पिशवी माझ्याच हातात आली. असा तो संशय बरेच दिवस रिकामा बसून होता. मग वडील गेले आणि त्यांची बंदूक माझ्या नावावर व्हायची वेळ आली.

बंदूक म्हणजे काही फार नाही. दुनळी, बारा बोअरची. करमाळ्याकडच्या आमच्या रानात डुकरं हुसकायला वडिलांनी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. माझ्या माहितीत तिनं एकही डुक्कर मारलं नाही. वडील आभाळाकडं बार काढायचे, डुकरं बांधापलीकडच्या रानात जायची आणि सकाळी पलीकडचा माणूस भांडायला यायचा. तिचं खरं काम वर्षातून एकदा, खंडेनवमीला. पाटावर लाल कापड, त्यावर ती, बाजूला विळे, खुरपी, कुऱ्हाड. आई तिला हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची. एरवी देवापुढं कधी न थांबणारे वडील त्या पाटापुढं मात्र टोपी सरळ करून उभे राहायचे.

ते गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. परवाना माझ्या नावावर होईपर्यंत खंडेनवम्या आल्या आणि गेल्या. आई आता सोलापुरात आमच्याजवळ असते. तिनं त्या वर्षांत पाटावर नुसता विळा ठेवला. पूजा झाल्यावर पाट उचलायला तिला वेळ लागायचा. परवान्याचं काम झालं म्हणून सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाली, "औंदा तरी ती घरात पायजे. तुज्या बापाचं तेवढंच हाय."

ठाण्यातल्या साहेबांनी अट घातली. बंदूक घरी न्यायची तर भिंतीत पक्की लोखंडी सोय करायची, काडतुसं वेगळ्या कुलपात. चोरीला गेली तर परवाना गेला, गुन्हा तुमच्यावर, आणि पुढं सापडली तरी ती परत तुमच्या दारात येणार नाही. हे सगळं ते फार शांतपणे म्हणाले, म्हणून मला ते फारच खरं वाटलं.

आता सरळ मार्ग असा होता की दुकानातून तिजोरी आणायची आणि भिंतीत बसवायची. पण तिजोरी टेम्पोतून दारात उतरली की सगळ्या गल्लीला कळणार, यांच्याकडं ठेवण्यासारखं काहीतरी आहे. चोराला पत्ता आपणच दिल्यासारखं. म्हणून मी ठरवलं, तिजोरी तुकड्यातुकड्यांनी घडवायची आणि कुठल्याही एका माणसाला ती सगळी कळू द्यायची नाही. पेटी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडं टाकली. त्याला सांगितलं, यंत्रमागाच्या स्टार्टरसाठी हवी. दार शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या वेल्डरकडं. त्याला सांगितलं, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला झडप हवी. स्टार्टरला एवढा जाड पत्रा कशाला, असं पहिल्यानं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, उंदीर फार आहेत.

दोन्ही माल घरी आला आणि दार पेटीत बसेना. मी एकाला माप आतून दिलं होतं, दुसऱ्याला बाहेरून. शेवटी नाइलाजानं दोघांनाही घरी बोलावलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि हसायला लागले. ते सख्खे साडू निघाले. आठवडाभर त्यांच्या घरी हाच विषय चालू होता म्हणे, की ही स्टार्टरची पेटी आणि ही मोटारीची झडप एकाच डोक्यातनं निघालेली दिसत्यात. माझ्याच अंगणात बसून एकानं कापत, दुसऱ्यानं जोडत, दार नीट बसवलं, सात लिव्हरचं कुलूप घातलं. जाताना एमआयडीसीवाला अगदी गंभीरपणे म्हणाला, "साहेब, आता ते उंदीर तरी दावा की एकदा."

भिंत फोडायला गवंडी मी मुद्दाम अक्कलकोटच्या पलीकडचा आणला. त्याला मराठी जेमतेम, म्हणजे गल्लीत कुणाला काही सांगायची सोय नाही. दुपारी बाहेर येऊन बघतो तर तो शेजाऱ्यांच्या कट्ट्यावर बसून त्यांच्याशी घडाघडा कन्नडमध्ये बोलतोय. आमचे शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात कन्नड बोलतात हे इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मला माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? मी त्यांच्याशी 'पाणी आलं का' याच्या पुढं कधी गेलोच नव्हतो.

गवंड्यानं काय सांगितलं कळलं नाही, पण शेजारी उठून आले ते मिशीत हसू दाबून.

"भिंतीत कपाट करताय म्हणे."

"लोणच्याचं," मी म्हणालो. तोंडाला आलं ते. "गारवा राहतो."

"लोखंडी?"

"हो."

"आणि वर कुलूप." त्यांनी मान डोलावली. "लोणचं लई भारीतलं दिसतंय की साहेब."

त्या दिवसापासून शेजारी माझ्या संशयितांमध्ये पहिल्या नंबरला गेले. एकदा एखाद्यावर नजर ठेवली की तो माणूस किती संशयास्पद वागतो हे कळायला लागतं. ते त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचे ते नेमकं आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीलगत. 'गावाकडं कधी जाणार?' असं विचारायचे. मी विचार करायचो, हे यांना कशाला हवं? गावाकडून येताना मी त्यांना एकदा ज्वारीच्या हुरड्याची पिशवी दिली होती आणि ते तिची वाट बघत असतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तिजोरी छान झाली, हे मात्र खोटं नाही. मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटाचं पाठीमागचं फळकूट काढलं, भिंतीत पेटी बसवली आणि कपाटात चादरींच्या थप्प्या लावल्या. सोलापुरात कुणाच्याही कपाटात चादरी असतातच. पाहुण्यांनी उघडलं तर वाटणार, आहेराच्या साठवल्यात. श्रावणात बंदूक घरी आली. आईनं तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि मग बंदूक आत गेली. आईच्या पाटल्या, बायकोचं गंठण आणि बोरमाळ, तेही आत गेलं. काडतुसं साहेबांच्या अटीप्रमाणे ट्रंकेत, वेगळ्या कुलपात.

आता किल्ल्या. कुलपाबरोबर दोन आल्या होत्या. माझं असं मत पडलं की दुसरी किल्ली ही मालकासाठी नसतेच, ती चोरासाठी असते. म्हणून मी सिद्धेश्वर तळ्यावर गेलो आणि ती पाण्यात फेकून दिली. तिथल्या एका शिपायानं मला हटकलं, निर्माल्य तळ्यात टाकायचं नाही म्हणून. मी माफी मागितली आणि मनातल्या मनात खूश होत घरी आलो.

राहिली एक. ती मी आधी जुन्या रेडिओत ठेवली. मग डाळीच्या डब्यात. मग पितळी घंगाळात. प्रत्येक वेळी ती बायकोला सापडायची आणि बायको ती खिळ्याला अडकवून ठेवायची, कारण किल्ली खिळ्याला असते असं तिचं साधं म्हणणं. शेवटी मी तिला सांगितलं, किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये टाकली. खरं म्हणजे मला जिन्याखाली काळ्या मातीचं एक पोतं दिसलं होतं. आमचा वाटेकरी करमाळ्याहून येताना टाकून गेला होता. तुळशीसाठी असेल असं मी धरलं. माती कोण चोरतं? किल्लीला काळी चिकटपट्टी गुंडाळली, वर ओला चिखल थापला, उन्हात वाळवला. झालेलं ढेकूळ मलाच ओळखू येईना. पोत्यात टाकलं आणि कित्येक महिन्यांनी निवांत झोपलो.

आमच्या घरात घट माझ्या लग्नाच्या आधीपासून बसतात. घटाला माती आपल्याच रानातली लागते, ती दरवर्षी गावाकडून येते, आणि पहिल्या दिवशी पत्रावळीवर पसरून तीत धान्य पेरतात. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत आलं. पण ज्या दिवशी घट बसतात त्या दिवशी मला सकाळपासून फुलं, नारळ, पत्रावळी यांसाठी बाजारात हाकललेलं असतं. मी परत येतो तेव्हा देवी बसलेली असते. माती आली कुठून, हा प्रश्न आयुष्यभर एवढं ऑडिट करूनही मला कधी पडला नव्हता.

त्याच सुमारास निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. घटाला दुसरी माळ चढली त्या दिवशी हवालदारांचा फोन आला. रविवारच्या आत जमा करा, नाहीतर परवाना रद्द करायला कागद वर जाईल. रविवार खंडेनवमीच्या आणि दसऱ्याच्याही आधी येत होता.

आई घटासमोर बसली होती. तिला सांगितलं.

"म्हंजे औंदाबी विळाच?" ती म्हणाली.

मी म्हणालो, वेळेत दिली तर निवडणूक झाल्यावर परत मिळेल, पुढच्या नवमीला नक्की. नाही दिली तर कायमची गेली. तिनं मान हलवली. "दे मग. पर परत आन म्हंजे झालं."

मी जिन्याखाली गेलो. पोतं नव्हतं. ते धुऊन गच्चीच्या कठड्यावर वाळत टाकलेलं होतं.

चेहरा सरळ ठेवून बायकोला विचारलं, जिन्याखाली झाडलंस वाटतं. ती म्हणाली, झाडलं, घटाची माती काढली ना. सगळी? आपल्याला लागते केवढी, ती म्हणाली, बाकीची वाटली. इथं शहरात काळी माती मिळते कुणाला? गल्लीतल्या सगळ्याजणी डबे घेऊन आल्या होत्या. सगळ्याजणी म्हणजे कोण, असं मी विचारलं तेव्हा तिनं हातातली पिठाची चाळणी खाली ठेवली. "अहो, तुम्हाला मातीत कधीपासून रस?"

हळूहळू एकेक नाव काढून घेतलं. आमचा घट धरून सहा घरं. आणि शेजारी त्यात होतेच.

घट एकदा बसला की उठेपर्यंत हलवायचा नाही. त्यातली माती उकरायची म्हणजे तर देवीच्या अंगालाच हात घातल्यासारखं. मी आईला सहज म्हणून विचारलं, काही कारणानं घट जरा सरकवावा लागला तर? आईनं माझ्याकडं असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं. ती नऊ दिवस घटासमोरच सतरंजी टाकून झोपते. आता तर ती माझ्याकडं तोंड करून झोपायला लागली.

मग मला लोहचुंबकाची युक्ती सुचली. जुन्या स्पीकरचं मोठं चुंबक माळ्यावर होतं. ते रुमालात गुंडाळायचं, दर्शनाला जायचं, घटासमोर खोल वाकायचं आणि हात मातीवरून हळूच फिरवायचा. किल्ली असेल तर ओढ लागेल. पहिला प्रयोग घरच्या घटावर केला. हात मातीपर्यंत पोचायच्या आत आईनं त्यावर फटका मारला. "सोवळ्यात न्हाईस आन हात घालतोस?" आमचा घट तपासायचा राहिला.

मग मी गल्लीत आरत्यांना जायला लागलो. ज्या माणसानं कधी कुणाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही तो माणूस रोज घरोघर दर्शनाला येतोय, हे लोकांनी आधी कौतुकानं घेतलं. पहिल्या घरी मला खिचडी मिळाली. दुसऱ्या घरी माझा हात असा ओढला गेला की मला वाटलं, सापडली. चुंबक रुमालासकट उडालं आणि समईखालच्या लोखंडी तिवईला टण् करून चिकटलं. ते सुटता सुटेना. घरातली सगळी माणसं आरती थांबवून बघत होती. मी म्हणालो, गुडघ्याला लावतो, डॉक्टरनं दिलंय.

शेजाऱ्यांचा घट मी मुद्दाम शेवटाकडं ठेवला होता. इतके दिवस मनात आरोपपत्र तयार होतं: माती नेणारे हेच, किल्ली सापडलेले हेच, आणि आता मी गावाकडं कधी जातो याची वाट बघणारे हेच. त्यांनी मला आत बोलावलं, आसन दिलं. त्यांचा घट सुंदर होता, गहू हिरवागार वर आलेला. मी वाकलो, हात फिरवला. काही नाही. दुसऱ्यांदा फिरवला. मान वर केली तर शेजारी आणि वहिनी दोघंही माझ्या मुठीकडं बघत होते.

"साहेब, रुमालात काय हाय?" शेजाऱ्यांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

गुडघ्याचं इथं चालणार नाही असं मला वाटलं. मी म्हणालो, "देवाचा दगड आहे."

याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. तिसऱ्या प्रहरी मी उरलेल्या घरांकडं गेलो तर एका घरानं दारातच पाण्याचा तांब्या दिला आणि वाटेला लावलं. दुसऱ्या घरातून मी बाहेर पडताच मागं उंबऱ्यावर मीठमोहरी पडली. त्यांचा मुलगा मला गेटपर्यंत पोचवायला आला, म्हणजे मी गेलोय याची खात्री करायला.

संध्याकाळी बायकोनं दार लावून घेतलं. लोक काय बोलतायत ठाऊक आहे का, तिनं विचारलं. तुम्ही मंतरलेला दगड घेऊन लोकांच्या घटांवर करणी करताय असं बोलतायत. आणि मला सांगा, ती म्हणाली, तुम्ही खरंच काय करताय?

मग मी तिला सगळं सांगितलं. पेटी, दार, तळं, ढेकूळ, पोतं.

"बँकेत होती ना किल्ली?" ती एवढंच म्हणाली, आणि देवीची आरती होती म्हणून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. वाटलं, दसऱ्यापर्यंत मुदत मागावी, माणसं आहेत, समजून घेतील. हवालदार माझ्याहून थोडे लहान, कपाळाला देवीचं कुंकू, पायात चप्पल नाही, म्हणजे त्यांच्याही घरी घट. मला धीर आला.

"बंदूक कुठं आहे?"

"घरात. तिजोरीत."

"मग आणा."

"किल्ली नाही."

"किल्ली कुठं आहे?"

"घटात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणाच्या?"

"तेच कळत नाही."

हवालदारांनी मला खुर्ची दिली. खुर्ची दिली याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मग त्यांनी सुरुवात केली. बंदूक शेवटची कुणी पाहिली? गावाकडं तुमचे कोण कोण उभे राहिलेत? कुणाला चार दिवस वापरायला दिली आहे का? की विकली? माणूस विकतो आणि मग असली काहीतरी गोष्ट घेऊन येतो, ते म्हणाले, पण घटाची मी पहिल्यांदा ऐकतोय. मी शपथा घ्यायला लागलो. ते माझ्याकडं मान किंचित वाकडी करून, ओठ मिटून बघत होते. ती नजर मी ओळखली. कुठल्यातरी सोसायटीच्या सचिवाकडं मी अशीच बघत असे, तो घाम पुसेपर्यंत. मी खिशातून रुमाल काढला. त्यात अजून चुंबक होतं, ते टेबलाला चिकटलं.

शनिवारी सकाळी पोलिसांची जीप आमच्या दारात आली. हवालदार आणि एक शिपाई. तिजोरी तुम्ही उघडा नाहीतर आम्ही उघडतो, पण आत बंदूक आहे हे आज दिसलं पाहिजे. नाही दिसली तर तुम्ही आमच्याबरोबर यायचं. गल्ली दारादारात उभी होती. हवालदारांनी पंच मागितले, जवळपासचे दोन चांगले लोक. शिपाई आजूबाजूला बघून आला आणि बरोबर घेऊन आला ते आमच्या शेजाऱ्यांना. ते आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दुसरे पंच म्हणून समोरच्या घरातले मास्तर.

हवालदारांची नजर घटाकडं गेली. त्यांनी विचारलं, हाच तो? मी म्हणालो, यातही असेल. ते एक पाऊल पुढं गेले आणि थांबले. आई घटासमोरून उठली नव्हती.

"घटाला हात न्हाय लावायचा," ती म्हणाली. "भिंत फोडा, दार फोडा, न्हायतर ह्या पोराचं टकुरं फोडा. घट उठंल तवाच उठंल."

हवालदारांनी दोन पावलं मागं घेतली आणि मला हळूच विचारलं, वेल्डर आहे का कुणी? बायकोनं तोवर साडूंना फोन लावलाही होता.

दोघंही आले, ग्राइंडर घेऊन. स्वतःच्या हातानं केलेलं काम फोडायला लागणार म्हणून एमआयडीसीवाल्याचं तोंड उतरलं होतं. चादरींच्या थप्प्या काढल्या. लोखंडाचा आवाज असा सुरू झाला की चार गल्ल्यांना कळावं, नेमक्या कुणाच्या भिंतीत तिजोरी आहे. ठिणग्या लाकडी कपाटावर उडायला लागल्या तेव्हा शेजाऱ्यांनी कुणाला न विचारता एक जाड चादर बादलीत बुडवली आणि दोन्ही हातांनी पसरून धरून उभे राहिले. इस्त्रीच्या शर्टावर काळे डाग पडत होते. मी त्यांच्याकडं बघत होतो. खरं सांगायचं तर त्याही वेळी माझं एक मन म्हणत होतं, हे इतक्या जवळ का उभे आहेत.

दार निघालं. आधी दागिन्यांचा डबा बाहेर आला. हवालदार एकेक वस्तू पंचांना दाखवायला लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पंचांनी बघायचं असतं, हवालदार म्हणाले. "वहिनींचं आहे ते," शेजारी म्हणाले, "आमी काय बघायचं?" शेवटी मास्तरांनी एकट्यानं पाहिलं. मग एक पेढ्यांचा पुडा निघाला. साखरेमुळं मला पेढे बंद आहेत, हे तिथं जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. पुड्यात आता मुंग्याच उरल्या होत्या. तिजोरीतली पहिली चोरी त्यांनी केली होती. बायकोनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आणि मग बंदूक. हवालदारांनी नंबर दोनदा ताडून पाहिला, नळ्यांत डोकावले, वास घेतला. मग त्यांची मान सरळ झाली. "आहे," ते म्हणाले. ज्यांनी माझ्यावर करणीचा आळ घेतला होता ते सगळे दारातून एकदम 'आहे, आहे' म्हणायला लागले.

किल्ली पुढं दसऱ्याला घट उठले तेव्हा निघाली. आमच्याच घटातनं. गव्हाच्या पांढऱ्या मुळ्यांनी तिला चिकटपट्टीसकट वेढलं होतं. पण तोवर तिला उघडायला दार राहिलं नव्हतं.

त्या शनिवारी हवालदार बंदूक घेऊन निघाले, तर आई तबक घेऊन आडवी आली. नवमीला तुमच्याकडं असणार, ती म्हणाली, मग माझं आजच करून घेते. पाट आणायला वेळ नव्हता. हवालदारांनी एकदा जीपकडं पाहिलं, मग बंदूक दोन्ही तळव्यांवर आडवी धरली आणि तिच्यासमोर उभे राहिले. आईनं हळदकुंकू लावलं, घटावरच्या माळेतलं एक झेंडूचं फूल काढून दोन्ही नळ्यांच्या मधे ठेवलं. हात जोडून बराच वेळ पुटपुटत राहिली. हवालदारांचे हात भरून आले असतील, पण ते हलले नाहीत. मग तिनं शिपायाच्या काठीलाही कुंकू लावलं. "तुमचंबी शस्त्रच की."

जीप सुरू झाली तसं तिनं मला खुणावलं.

"आरं, हुबा काय राहिलास? मागनं जा. कुटं ठेवत्यात ते बगून ये."

पोलिसांवर असा संशय घेऊ नये, असं मी म्हणणार होतो. पण माझ्या तोंडून ते ऐकायला कुणी तयार झालं नसतं. स्कूटर काढली आणि जीपच्या मागं निघालो. मला अटक झाली असंच गल्लीच्या टोकाच्या लोकांना वाटलं असणार. एकानं तर काळजीनं हात वर केला.

ठाण्यात हवालदारांनी बंदुकीला चिठ्ठी बांधली, आत नेली, बाकीच्या जमा बंदुकांच्या रांगेत उभी केली, जाळीचं दार ओढलं आणि कुलूप लावलं. मी अजून तिथंच. आता काय राहिलं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, राग मानू नका, पण एकदा ओढून बघू का? त्यांनी सुस्कारा सोडला आणि बाजूला झाले. मी कुलूप ओढून पाहिलं. पक्कं होतं.

घरी आलो तेव्हा मधल्या खोलीत लोखंडाचा वास होता आणि शेजारी ओल्या चादरीचं दुसरं टोक बायकोच्या हातात देऊन ती पिळत होते. आई घटाला पाणी घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"वडून बगितलंस का कुलूप?"

"बघितलं."

"बरं," ती म्हणाली, आणि तांब्यातलं राहिलेलं पाणी गव्हाच्या मुळाशी सोडलं.